आत्याला काय हवंय?

१

संपादकबाईंची एक सवय झाडून सगळ्या लेखकांना माहीत होती, आणि सगळे तिला टरकून असत. हस्तलिखित हाती आलं की पहिल्यांदा त्या नुसतं वाचायच्या. पेन्सिल अंबाड्यात खोचलेली, तिला हात लावायचा नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचायच्या, दार लावून, भिंतींना ऐकवल्यासारखं. आणि तिसऱ्यांदा लेखकाला समोर बसवून गोष्टीतल्या एकेका माणसाबद्दल एकच प्रश्न विचारायच्या, "ह्याला काय हवंय?"

बस, एवढंच. पण भल्याभल्यांची त्यापुढे ततपप व्हायची.

"तो बिचारा नुसता चहा ठेवून जातो हो," एखादा काकुळतीला येऊन म्हणायचा.

"मग ठेवायला घरात दुसरं कोणी नव्हतं? त्यालाच का उठावंसं वाटलं?"

लेखक डोकं खाजवत घरी जायचा, रात्रभर बाईंच्या नावाने बोटं मोडायचा आणि आठवड्याने चांगलं पान घेऊन यायचा. बाईंचा दुसरा नेम याहून कडक होता. लेखकाच्या पानावर आपलं वाक्य लिहायचं नाही. समासात प्रश्न लिहायचा आणि गप्प वाट बघायची. "स्वयंपाक त्यांचा," त्या म्हणायच्या. "आपण सांगायचं, मीठ कमी आहे. मीठ आपण टाकायचं नाही." या हट्टापायी त्यांनी एकेक पान लेखकाकडून दहादा लिहून घेतलं होतं. चिकाटी म्हणाल तर बाईंची!

मास्तर हे त्यांचे लाडके लेखक. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि म्हातारपणी पहिली कादंबरी लिहायला बसले. गोष्ट एका घराची, घरातल्या माणसांची. बाईंनी प्रत्येकाची चौकशी केली. आजोबांना काय हवंय, सुनेला काय हवंय, अगदी घरमालकालाही सोडलं नाही. एक आत्या तेवढी राहिली होती, तर मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. इकडे छपाईची तारीख ठरलेली, आणि प्रकाशनाचे मालक रोज केबिनच्या दारात येऊन नुसते खोकून जायचे.

२

"मास्तर, त्या आत्याचं काय करायचं?" बाईंनी फोनवर विचारलं.

मास्तर एका डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते. दुसऱ्या डोळ्यानेही वाचायला बंदी होती. "कुठली आत्या?"

"मागच्या खोलीतली हो. सबंध पुस्तकात बाहेर येत नाही. रोज संध्याकाळी पोरगी घरात आली की आतून विचारते, 'दार लावलं का गं?' पोरगी म्हणते, 'लावलं, आत्या.' संपलं! काम काय तिचं?"

मास्तरांनी डोळ्यावरची पट्टी चाचपली. "तशी ती... बसलेली असते."

"बसायला पुस्तकात फुकट जागा नसते, मास्तर."

"मग तुम्हाला दिसतं तसं करा, बाई. मला तर सध्या काही दिसतच नाही," मास्तर स्वतःच्याच विनोदावर हसले.

बाईही हसल्या आणि कामाला लागल्या. त्यांचा हिशेब साधा होता. दोन माणसं एकच काम करत असतील तर एकाने जायचं. जे काहीच काम करत नाही त्याने सगळ्यात आधी जायचं. आता माणूस काढणं म्हणजे विणलेल्यातला धागा ओढणं, नुसतं खोडून भागत नाही. आत्याचे प्रश्न काढले, पोरीची उत्तरं काढली, आत्याची खाट काढली, मागच्या खोलीला कुलूप लावून टाकलं. आणि काय सांगावं, पुस्तक कसं ताठ उभं राहिलं! बाईंनी समाधानाने पेन्सिल अंबाड्यात खोचली.

आत्याला काय हवंय हे मात्र त्यांनी विचारलं नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. तेव्हा त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

३

प्रुफं आली तेव्हा बाई ती घरी घेऊन गेल्या. त्यांच्याही घराला मागच्या बाजूला एक खोली होती. घरच्यांच्या भाषेत ती "आईचं गोदाम". कागदांचे गठ्ठे, एक लोखंडी पलंग, एक खिडकी. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत. दाराची आतली मूठ कधीची निखळलेली. एकदा दार लागलं की आतून उघडायची सोयच नाही, म्हणून जुन्या प्रुफांचा एक जाडजूड गठ्ठा दाराला कायम टेकण म्हणून लावलेला असायचा. नवरा दर सुट्टीला मूठ बसवणार होता. नवऱ्यांची कामं, ती कधी होतात!

दुपारची वेळ. पलंगावर बसून बाई मोठ्याने वाचत होत्या. पानामागून पान चोख चाललं होतं, आणि मधेच एका ओळीवर जीभ अडखळली.

"लावलं, आत्या."

बाईंनी च्‌च्‌ केलं. सगळं काढलं आणि एक उत्तर मागे राहिलं. प्रश्न नाही, आत्या नाही आणि पोरगी आपली रिकाम्या घरात उत्तर देतेय. असली चूक शिकाऊ पोरांकडून व्हावी, आपल्याकडून? त्यांनी पेन्सिलीसाठी अंबाड्याकडे हात नेला. पेन्सिल नव्हती. बाहेर टेबलावर राहिली असेल म्हणून त्या उठल्या, तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. त्या धावल्या, गॅस बंद केला, ओटा पुसला आणि ती ओळ डोक्यातून साफ गेली.

संध्याकाळी लेक क्लासहून आली. घरात तिला सगळे बिटकी म्हणत, आता आईच्या खांद्याला लागली होती तरी. तिने बूट भिरकावले, दप्तर टाकलं आणि मागच्या बाजूला तोंड करून सहज ओरडली,

"लावलं, आत्या!"

४

"काय म्हणालीस?" बाईंनी विचारलं.

"कुठे काय? भूक लागलीये."

बाईंनी स्वतःची समजूत घातली. आपण मोठ्याने वाचतो, घर एवढंसं, पोरीच्या कानावर पडलं असेल. दुपारी पोरगी घरात नव्हती हे खरं, पण आधीही कधी वाचलंच असेल की. पोरं काहीही उचलतात. गेल्या वर्षी तिने एका गुन्हेगाराची शिवी उचलली होती, तीही आईच्याच एका पुस्तकातून.

पण दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. आणि रविवारी नवऱ्याने चहा केला, एक कप बाईंना दिला, एक स्वतःला घेतला आणि एक उचलून मागच्या खोलीकडे निघाला.

"तो कोणाला?"

"आत्याला."

"कोणाच्या आत्याला?"

नवरा थांबला. त्याने खरंच विचार केला, बाईंना त्याच्या कपाळावर तो दिसला. मग तो हसला. "असं काय करतेस, अगं? आत्या म्हणजे आत्या." आणि चहा देऊन आला.

बाप-लेक मिळून आपली फिरकी घेतायत, बाईंनी ठरवलं. घ्या म्हणावं. त्या तरातरा मागच्या खोलीत गेल्या. कोणी नव्हतं. गठ्ठे होते, पलंग होता, खिडकीतली भिंत होती. कप जमिनीवर होता, रिकामा. पलंगाच्या कडेला चादर दबली होती, कोणी नुकतंच उठल्यासारखी. आपणच बसलो असू दुपारी. बाईंनी चादर हाताने सारखी केली. ती कोमट होती.

ऊन आलं असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. त्या खिडकीतून कधी ऊन येत नव्हतं.

५

बाई सहजासहजी घाबरणाऱ्यातल्या नव्हत्या. गोष्टीत काही चुकलं की ते नेमकं कुठे चुकलं हे शोधायचं, आरडाओरडा करायचा नाही, हे त्यांच्या हाडीमासी मुरलं होतं. त्या बघत राहिल्या.

बिटकीची वेणी सकाळीच घातलेली असायची. "कोणी घातली?" "आत्याने." रात्रीसाठीची भाजी चिरून ठेवलेली. वाळलेले कपडे घड्या घालून बाईंच्याच पद्धतीने लावलेले, मोजे मोज्यात खोचून. नवरा बिलं कुठे ठेवलीत हे आताशा बाईंना विचारत नव्हता. मागच्या खोलीच्या दारात जाऊन विचारत होता आणि त्याला सापडतही होती. ऑफिसात बाई मैत्रिणीला म्हणाल्या असत्या, की घरात कामाला एक बाई मिळालीये, चेष्टा नाही, सोनं आहे सोनं. पण त्या ते कपडे घड्या मोडून पुन्हा स्वतः लावत होत्या.

आणि मग तो निबंध.

निबंध ही माय-लेकींची खास गोष्ट होती. बिटकी कच्चं लिहायची, आईसमोर उभी राहून वाचायची, आई पेन्सिलीने डोकं खाजवत प्रश्न विचारायची. भांडणं व्हायची, रडारड व्हायची आणि शेवटी निबंध झकास व्हायचा. त्या दिवशी बाई घरी आल्या तर निबंध पक्का लिहून तयार.

"मला वाचून नाही दाखवलास?"

"अगं, आत्याने ऐकला ना. मी लिहिलं होतं की स्टेशनावरचा म्हातारा नुसता बसलाय. तर ती म्हणाली, ह्याला काय हवंय?"

बाई खुर्चीत बसल्या. दोन माणसं एकच काम करत असतील तर... त्यांनी तो विचार तिथेच दाबून टाकला. पण तो त्यांचाच विचार होता, चांगला घासून धार लावलेला. असा दबणार थोडाच!

"आई," बिटकी जरा अडखळत म्हणाली, "तू आता रोज घरात असतेस का गं?"

"म्हणजे? मी नेहमीच असते!"

"नाही, तसं नाही," पोरगी ओशाळली. "असंच विचारलं."

बाईंना रडू आलं, आणि पाठोपाठ संताप. नवरा गेला चहा घेऊन तर जाऊ दे. पण ही पोरगी माझी आहे. हिच्या पानाला मी दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायची नाही.

६

दुसऱ्या दिवशी त्या मास्तरांकडे जाऊन धडकल्या. मास्तर काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसले होते.

"मास्तर, आत्या परत घ्यायची."

"आँ? अहो, तुम्हीच तर काढलीत! आणि खरं सांगू, मुलाने मला वाचून दाखवलं, पुस्तक सुधारलं हो."

"सुधारलं असेल. तिला परत घ्या." बाई मागे हटणार नव्हत्या. "कोण होती ती? कुठून आणलीत?"

"आणली नाही. घर लिहायला घेतलं तर ती आत बसलेलीच होती. मी म्हटलं, असू दे." मास्तरांनी चष्मा सारखा केला. "तुम्ही बाकी सगळ्यांबद्दल विचारलंत, माझं डोकं खाल्लंत. तिच्याबद्दल विचारलंच नाहीत. मी वाट बघत होतो. म्हटलं, बाई विचारतील तेव्हा आपल्यालाही कळेल."

बाई समोरच्या खुर्चीवर टेकल्या.

"परत घालतो मी," मास्तर मऊ आवाजात म्हणाले. "मी सांगेन, मुलगा लिहून घेईल. पण नुसती बसवायची तर तुम्हीच उद्या पुन्हा काढाल. तिला काय हवंय तेवढं सांगा. एक ओळ पुरे."

"ते तुम्ही सांगायचं असतं, मास्तर. लेखक तुम्ही."

"मला दिसत नाही तिचं तोंड. कधीच दिसलं नाही. तुम्हाला दिसलंय का?"

बाईंनी तिथूनच मालकांना फोन लावला. मालक खोकले, कुरकुरले, छपाईवाल्याच्या नावाने बोलले, आणि शेवटी उद्या सकाळपर्यंत थांबायला तयार झाले.

"आज संध्याकाळी मी फोन करते," बाई मास्तरांना म्हणाल्या.

"मीच करतो, बाई. दिवे लागायच्या सुमाराला. तोवर विचारून ठेवा."

कोणाला, हे दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

७

घरी कोणी नव्हतं. नवरा यायला अवकाश होता, बिटकी क्लासला गेलेली. बाईंनी तोंड धुतलं, पदर खोचला. एखाद्या हेकट लेखकाशी बसायचं असलं की त्या अशाच बसत. प्रश्न एकच, आणि उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही.

मागच्या खोलीच्या दारात गठ्ठा जागच्या जागी होता. खोलीत तिन्हीसांजेचा उजेड होता, भिंतीवरून उसना आलेला. बाई आत गेल्या.

पलंगावर खिडकीकडे तोंड करून कोणीतरी बसलं होतं.

पाय म्हणत होते पळ. पण त्यांनी पाय घट्ट रोवले. पाठ दिसत होती, साधी घरातल्या बाईची पाठ, किंचित पोक आलेली. केसांचा अंबाडा. अंबाड्यात पेन्सिल. तिचं मागचं टोक बाईंनीच चावून चावून चपटं केलेलं होतं. बाईंनी आपल्या अंबाड्याला हात लावला. नुसते केस.

"आत्या," त्या म्हणाल्या. आवाज फुटला एकदाचा. "माझी चूक झाली. तुम्हाला विचारायला हवं होतं. आता विचारते. तुम्हाला काय हवंय?"

भिंतीवरचा उजेड आणखी थोडा उतरला. मग ती उठली. सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून. आणि वळली. बाईंना तोंड दिसलं का? दिसलं. पण ते आपलंच तोंड आहे हे कसं मानायचं, हे ठरेपर्यंत ती त्यांच्या बाजूने निघूनही गेली होती. जाता जाता तिने पायाने गठ्ठा हलकेच सरकवला.

दार लागलं.

बाई दारावर धावल्या. मुठीच्या जागी नुसतं भोक होतं. त्या ओरडल्या, दारावर दोन्ही हातांनी धडका मारल्या. आपल्या धडकांचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता.

बाहेर फोन वाजला.

"हं, बोला मास्तर," बाहेरून आवाज आला. खणखणीत, जरासा घाईतला. लेखकांशी बोलतानाचा बाईंचा आवाज. "हो, विचारलं ना. काही नकोय तिला. काढलंय तसंच जाऊ द्या मशीनवर... नाही हो, मनाला कसलं लावून घेताय! आणि ऐका, एक ओळ चुकून राहिलीये. 'लावलं, आत्या.' हो, तेवढं उत्तर. मी आत्ताच काढते."

पेन्सिल कागदावरून ओढल्याचा आवाज आला. एकच रेघ, सरळ.

८

बाई पलंगावर येऊन बसल्या. रडल्या, पोटभर रडल्या. मग पदराने तोंड पुसलं आणि विचार करायला लागल्या. दुसरं त्यांना येत काय होतं?

बाहेर कुलपाची किल्ली फिरली. बूट भिरकावल्याचा आवाज, दप्तर पडल्याचा. बिटकी! बाई दाराशी आल्या. सांगायचं खूप होतं. मी आत आहे, ती मी नाही, दार उघड, माझ्या राणी, दार उघड. त्यांनी सगळा जीव एकवटून हाक मारली.

"दार लावलं का गं?" आवाज निघाला.

तेवढंच निघालं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, जीभ दाताखाली चावली, पण दुसरा एक शब्द येईल तर शपथ. त्यांना मिळालेलं वाक्य एवढंच होतं. आणि ते म्हणता म्हणता त्यांना कळलं, की आत्याला कधीच दाराची काळजी नव्हती. पुस्तकात तिच्याजवळही एवढंच होतं.

"लावलं, आत्या," बिटकी म्हणाली.

पावलं पुढे गेली. आणि थांबली.

"आई, ही रोज तेच का विचारते गं?"

"म्हातारं माणूस, त्यात काय एवढं," बाहेरचा तो आवाज म्हणाला. "चल, निबंध आण."

पावलं स्वयंपाकघराकडे गेली. बाई दाराला कान लावून उभ्या होत्या. त्यांना आता नुसती भीती वाटत नव्हती. पोरीने प्रश्न विचारला होता. चुकीच्या माणसाला विचारला, हरकत नाही. चांगला वाचक आधी असाच अडखळतो, आणि ही पोरगी त्यांनी स्वतः तयार केली होती. आज का विचारते म्हणाली, उद्या दाराशी थांबेल, परवा आत डोकावून म्हणेल, आत्या, तुला काय हवंय?

वाक्य एकच होतं, तर एकच सही. ते उद्या सावकाश म्हणायचं, परवा 'गं'वर जरा थांबून, पोरीला लहानपणी आपण हाक मारायचो तसं. बाहेरची ती हुशार होती, तिने ओळखायच्या आत पोरीच्या कानात ते शिरायला हवं होतं. ज्या बाईने लेखकांकडून एकेक पान दहादा लिहून घेतलं, तिला एक वाक्य रोज म्हणायचं कसलं आलंय?

बाईंनी चादर सारखी केली, खिडकीकडे पाठ केली आणि दाराकडे तोंड करून बसल्या.